घरटी एक

२०११ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेची प्रगणक होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा बहुतेकांना ते काम लागलं होतं. सिडकोच्या वसाहतींनी चहूकडून वेढलेल्या, पनवेल तालुक्यातल्या एका आगरी गावाचा गट माझ्याकडे आला. प्रशिक्षणात कुटुंबाची व्याख्या आमच्याकडून पाठच करून घेतली होती: साधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं, मग त्यांच्यात नातं असो वा नसो.

पहिलंच घर तीन मजली निघालं. खाली थोरला, वर मधला, त्याच्या वर धाकटा. सातबारा एक, घरपट्टी एक, गणपती एक आणि गॅसच्या शेगड्या तीन. मी विचारलं, "चूल एक की वेगळी?" थोरली सून "एकच" म्हणाली. तेवढ्यात जिन्यावरून उतरणारी धाकटी मध्येच थांबली. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या कागदाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तीन लिहा बाई. पण मोठ्यानं बोलू नका, सासूबाई आत आहेत."

मी तीन कुटुंबं लिहिली. तेव्हापासून 'घर' आणि 'कुटुंब' हे शब्द कुठे कोणत्या अर्थानं भेटतात ते मी वहीत टिपत आले आहे.

*

'घरटी' हा शब्द मला फार आवडतो. माणशी आणि घरटी, मोजायची ही आपली दोन मापं. गावकीची वर्गणी घरटी, श्रमदानाला घरटी एक माणूस, भंडाऱ्याला घरटी तांदूळ. लग्नातसुद्धा घरटी एकाला बोलावणं वेगळं आणि चूलबंद आवतण वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे आमच्या मांडवात.

वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरणाऱ्या पोरांना घर कशाला म्हणायचं हे प्रगणकापेक्षा चांगलं कळतं. भाऊ वेगळे झाले की पुढच्याच वर्षी दुसरी पावती फाडतात. तलाठ्याच्या दप्तरात वाटणी पोचायला दहा वर्षं लागतील, कदाचित ती कधीच पोचणार नाही. गावकीच्या वहीत ती एका चैत्रात पोचते. त्या वहीत ज्याचं नाव स्वतंत्र लागलं, त्याला मग बैठकीत बसायचा हक्क येतो. बैठकीला घरटी एक माणूस यायचा असतो. इतक्या वर्षांत तो 'एक माणूस' बाई असल्याचं मी दोनदा पाहिलं. दोघीही विधवा होत्या.

*

जुन्या मराठी कागदांत जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर. डोकी मोजायची ती शिरगणती. आपल्याकडे जनगणनेची दोन्ही अंगं अजून तशीच आहेत, आधी घरयादी आणि मग माणसं. गेल्या वेळी २०१० मध्ये घरयादी झाली आणि १ मार्च २०११ ची घटका धरून माणसं मोजली. आता सोळा वर्षांनी घरयादीसाठी २०२६ आणि माणसांसाठी २०२७ चा फेब्रुवारी.

२०१० च्या घरयादीतही मी होते. तिच्यात पस्तीस रकाने होते. त्यातले दोन शेजारी शेजारी: राहत्या खोल्या किती आणि विवाहित जोडपी किती. एका घरात मी पहिल्या रकान्यात १ लिहिला आणि दुसऱ्यात ३. सून भांडी घासत होती. प्रश्न तिनं ऐकला होता, उत्तर सासऱ्यांनी दिलं. माझा पेन रकान्यावर थांबला तेव्हा तिनं नळ मोठा सोडला.

*

आमच्याकडचा सगळ्यात मोठा वाद एका शब्दात मावतो: 'गरजेपोटी'. बाहेरच्या माणसाला हा शब्द अर्धवट वाटेल. पनवेल, उरण, बेलापूर पट्टीत 'गरजेपोटीची घरं' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

गावठाणाची हद्द इंग्रजांच्या काळात आखलेली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची शेतं, मिठागरं संपादित होत गेली. गावठाणं तेवढी मधे राहिली. आता गावठाण वाढत नाही, पण पोरं वाढतात, त्यांची लग्नं होतात, चुली वेगळ्या होतात. पूर्वी वेगळी झालेली चूल शेताच्या बांधाला जाऊन नवं घर बांधायची. आता बांधच नाही. मग अंगणात बांधलं, गोठ्यावर बांधलं, शेवटी हद्दीबाहेरच्या स्वतःच्याच, पण कागदावर सिडकोच्या झालेल्या जमिनीवर बांधलं. कागदानं त्याला अतिक्रमण म्हटलं, गावानं गरजेपोटी म्हटलं. २०२२ च्या शासन निर्णयात गावठाणापासून २५० मीटरपर्यंतची अशी घरं नियमित करायचं ठरलं. तरी फीत कुठून लावायची, यावर घरोघरी चर्चा चालूच आहे.

जमिनीच्या मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. तो भूखंड खातेदाराला मिळाला. १९७० मधला खातेदार एक होता. भूखंड हातात येईपर्यंत त्याच्या मागे तीन-चार चुली उभ्या होत्या आणि दारात पोचलेलं पत्र एकच होतं. तालुक्यातली कितीतरी भांडणं या एका आकड्यातून निघाली. भावांना लोभी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. एका घराचं माप चार घरांना लावलं तर ते कुणालाच पुरणार नाही.

नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली वाडा अशी गावठाणं उठली. तिथं तर घर मोजणारा आणि घर मोडणारा एकाच दारातून आत आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. माझी एक विद्यार्थिनी त्यातल्या एका गावची. ती म्हणाली, "बाई, धावपट्टी बघताना मी आमचा उंबरा शोधत होते."

*

जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. लहानपणी पेणला वडिलांच्या कागदांत ते वाचून मला वाटायचं, वडील कुठल्यातरी कंपनीत आहेत. कायद्याच्या भाषेत तो 'कर्ता'. बाकीचे सहदायाद, म्हणजे वाटेकरी.

महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मानं सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. माझं लग्न १९८६ मधलं. हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट गेली. मग 'त्या तारखेला वडील हयात हवेत का' यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मुलीचा हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही.

तरी तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाबाहेर आजही बहिणी बसलेल्या दिसतात. हक्कसोड द्यायला आलेल्या. भावानं गाडी करून आणलेलं असतं, हातात नवी साडी असते, वहिनीनं डबा दिलेला असतो. 'मन मोडायचं नाही' म्हणून सही होते. मीही केली. भाऊ चांगला आहे, माहेर तुटू नये असं मला वाटलं. आज केली असती का? नाही.

*

आमचे एक दूरचे मामा कार्यक्रमाला आले की म्हणायचे, "कुटुंब मागून येतंय." म्हणजे मामी. मराठीत कुटुंब म्हणजे बायको, मंडळी म्हणजेही बायको आणि घर म्हणजेसुद्धा पुष्कळदा तीच. नाव घेऊ नये म्हणून अख्खं घर तिच्या नावाच्या जागी ठेवलं. याउलट गृहस्थ. ज्याचं घर आहे तो गृहस्थ. पण 'एक गृहस्थ आले होते' म्हणताना त्याला घर आहे की नाही हे कुणी विचारत नाही. 'गृहिणी' मात्र घराबाहेर पडूनही गृहिणीच राहते.

खटलं, बिऱ्हाड. मोठ्या घराला आम्ही खटलं म्हणतो. भाड्यानं राहणारं ते बिऱ्हाड. जुन्या पनवेलच्या वाड्यांत मालकाचं 'घर' आणि वर-मागे पाच-सहा 'बिऱ्हाडं' असायची. माणसं तितकीच, चुली तितक्याच, पण तीस वर्षं राहूनही बिऱ्हाडाचं घर झालं नाही. आता ते वाडे पाडून सोसायट्या झाल्या आणि सगळे 'सदनिकाधारक'.

*

१९८६ मध्ये लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा पेणच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी केलं. 'नाव कमी केल्याचा दाखला' घेऊन इथल्या एका कार्यालयात दिला. त्यांनी तो हरवला. दुसरा आणायला पेणला गेले, तिथं जुनं दप्तर सापडेना. दीड वर्ष मी कोणत्याच कार्डावर नव्हते. साखरेच्या रांगेत सासूबाई पाच जणांचं माप घ्यायच्या आणि घरात सहाजण होतो. त्या कधी बोलल्या नाहीत. चहात साखर मीच कमी घालायला लागले, ती आजवर तशीच आहे.

नाव कमी करणं, नाव चढवणं, कार्ड फोडणं. क्रियापदं कशी आहेत पाहा. घर जोडायला 'चढवणं' आणि वेगळं व्हायला 'फोडणं'.

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात कार्डांचे रंग आले, पिवळं, केशरी आणि पांढरं. मग २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य आणि अंत्योदयाला घरटी पस्तीस किलो. घरात दोघं असोत की नऊ, पस्तीसच. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात लिहिलं आहे की घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख. हे कलम वाचलं त्या दिवशी मी वर्गात मुलांना सांगितलं, आजपासून आजी घराची प्रमुख. एक मुलगा म्हणाला, "पण बाई, आजी तर आमच्याकडे फक्त राहते."

*

त्याच गावात, त्याच फेब्रुवारीत. दोन भावांची शेजारी शेजारी घरं, मधे एक भिंत. आई महिना इकडे, महिना तिकडे जेवायची. मुलांनी वाटणीत तेही ठरवून घेतलं होतं. जमीन, भांडी, आंब्याची झाडं, आणि आई महिन्यानं. झोपायची ती पडवीत. पडवी सामाईक होती.

नियमानं बघायचं तर सोपं होतं. फेब्रुवारीत ती धाकट्याकडे जेवत होती, म्हणून धाकट्याच्या कुटुंबात. मी तसं लिहिलं. 'कुटुंबप्रमुखाशी नातं: आई.' बाहेर आले तर म्हातारी पडवीत कोलीम निवडत बसली होती. "बाई, मला कुणाकडं लिवलं?" मी सांगितलं. ती बोटांवर मोजायला लागली. मग म्हणाली, "मंग मार्चात तुमी परत येनार का?"

मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. २८ फेब्रुवारीला रात्री ती धाकट्याकडे जेवली आणि १ मार्चला सकाळी थोरल्याकडे चहा प्यायली. देशाची घटका मध्यरात्रीची होती.

*

जनगणनेच्या मोठ्या तक्त्यात काम करणारा आणि काम न करणारा असे भाग आहेत. काम न करणाऱ्यांत विद्यार्थी, अवलंबून असलेले, पेन्शनर, आणि त्यातच 'घरकाम'.

खांदा कॉलनीत पाच घरी पोळ्या-भाजी करणारी एक बाई माझ्या गटात राहत होती. पहाटे पाचला तिच्या घरची चूल पेटते, सातला ती बाहेर पडते, दोनला परत येते, मग पुन्हा घरचं. मी तिला 'काम करणारी' लिहिलं, कारण पाच घरांतून पगार येतो. तिच्या जावेला, जी दोघींची मिळून पाच मुलं आणि आजारी सासरा सांभाळत होती म्हणून ही बाहेर जाऊ शकत होती, तिला 'घरकाम' लिहिलं. म्हणजे काम न करणारी. दोघी एकाच चुलीवरच्या. जाऊ बाजूला उभी राहून माझं लिहिणं बघत होती, तिला वाचता येत होतं. ते खोडावं असं मला त्या वेळी फार वाटलं. पर्यायच नव्हता.

दुसऱ्यांच्या घरातल्या या कामाला कायद्यानं ओळख द्यायला २००८ उजाडलं, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम. स्वतःच्या घरातल्या कामाला अजून रकाना नाही.

*

रोजगार हमी आपल्या राज्याची. १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतला होता, १९७७ मध्ये कायदा झाला. त्यात हक्क प्रत्येक प्रौढ माणसाचा होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तो कुटुंबाचा झाला, वर्षाला १०० दिवस. पुढचे दिवस राज्य आपल्या पैशातून देत आलं हे खरं. पण आधी सून स्वतःचं नाव सांगून कामावर जायची, मग घराच्या शंभरातले किती तिच्या वाट्याला हे घर ठरवू लागलं. एका शब्दानं एवढा फरक पडतो.

*

ऊसतोडीच्या मुलखात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्याला 'अर्धा कोयता'. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. लग्न झाल्याशिवाय पूर्ण कोयता होत नाही, म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकतात.

आमच्याकडे तेच वीटभट्टीवर. पनवेल, कर्जत, खालापूरच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे. माती बाप तुडवतो, आई विटा पाडते, मुलं त्या उलटतात, आणि हजाराचा हिशेब बापाच्या नावावर. शाळेत हजेरी घेताना दिवाळीनंतर माझ्या वर्गात एकाच वाडीतली नऊ-नऊ नावं गैरहजर असायची. 'पाठीवर बिऱ्हाड' म्हणतात ते मी त्यांच्याच पाठीवर पाहिलं. दोन पातेली, गोधड्या, कोंबडी, आणि वर बसलेलं लहान मूल.

वाडीतली त्यांची घरं जुनी आहेत, पण पायाखालची जागा पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. घर आहे, घरठाण नाही. घरठाण नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून घरकुल नाही.

*

'संस्थात्मक कुटुंब' असा जनगणनेत एक प्रकार आहे. जिथं नात्यात नसलेली माणसं एका ठिकाणी राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात. वसतिगृह, वृद्धाश्रम, तुरुंग. या हिशेबानं तळोजा कारागृह हे एक कुटुंब आहे. नेऱ्याजवळचं शांतिवनही. ते कुष्ठरोग्यांसाठी उभं राहिलं, तिथं पुढे वृद्धाश्रम आणि आश्रमशाळा झाली. स्वतःच्या घरानं बाहेर काढलेली माणसं तिथं एका पंगतीला बसली. तिथं गेल्यावर मला 'संस्थात्मक' हा शब्द अपुरा वाटला.

उलट बाजू अशी: खारघरच्या एका सदनिकेत कॉलेजची चार मुलं राहत होती, प्रत्येकाचा डबा वेगळा. एक छप्पर, एक दार, एक टीव्ही. नियमानं ती चार कुटुंबं. त्यांना सांगितलं तर खूश झाली. "म्हणजे मी कुटुंबप्रमुख?"

*

घर आहे पण कुटुंब नाही, असेही रकाने भरले. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या कुलूपबंद सदनिका. 'रिकामे.' ओळीनं रिकामे.

जुन्या पनवेलमध्ये बेने इस्राएल ज्यूंची वस्ती होती. त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ चं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी बोलणारी ही माणसं, आडनावाला गावाचं नाव आणि 'कर' लावणारी. पुष्कळ घरं इस्राएलला गेली. त्यांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला मेझुझा ठोकलेली असायची, आत धर्मवचनाची गुंडाळी. आम्ही हळद-कुंकू उंबऱ्याला लावतो, त्यांची खूण चौकटीला. सासूबाईंना त्या घरांतल्या मैत्रिणी होत्या. त्या गेल्यावर सासूबाई त्या गल्लीतून जाताना रिकाम्या चौकटीकडे बघून थांबायच्या.

*

संस्कृतात संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा. मराठीनं त्याची भांडीकुंडी केली. संसार मांडला, संसार थाटला, संसार उघड्यावर पडला. सरकारी मदतीच्या यादीतही 'संसारोपयोगी साहित्य' असंच येतं.

१९ जुलै २०२३ ला रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. खालापूर तालुका, पण आमच्यापासून किती लांब? चौकला उतरायचं आणि गड चढायचा. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. आम्ही इथून भांडी गोळा करून पाठवली. ताटं, पातेली, कळशी, तवा असा एकेक संच बांधत होतो, घरटी एक. बांधता बांधता एकीनं विचारलं, "घरं किती म्हणायची?" ज्या घरात एकटी मुलगी उरली तिला एक संच, हे नक्की. जिथं कुणीच उरलं नाही ते मोजायचं कसं? सिडकोनं नंतर चौकजवळ वाचलेल्यांसाठी घरं बांधली. त्या दिवशी मात्र आम्ही दोन संच जास्त बांधले आणि तसेच पाठवले.

*

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा 'सामायिक घर' म्हणतो. बाई ज्या घरात नवऱ्याबरोबर नांदली, ते कुणाच्याही नावावर असो, कायद्याची रीत पाळल्याशिवाय तिला तिथून काढता येणार नाही. २००६ च्या निकालानं सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर यातून वगळलं होतं, १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालानं ते परत आणलं. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात तर विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबानं टाकलेली स्त्री हे स्वतंत्र कुटुंब मानलं आहे.

माझ्या शाळेत एक आई मुलाला सोडायला यायची. रात्री अकराला सासरचे तिला उंबऱ्याबाहेर काढत आणि सकाळी डबा करायला आत घेत. ती मला म्हणाली होती, "बाई, घर त्यांचं आहे." या ओळी तिला वाचून दाखवायला हव्या होत्या. तेव्हा कायदाच झाला नव्हता, आणि आता ती कुठे आहे मला ठाऊक नाही.

*

कोकणात पुष्कळ घराण्यांत गणपती एकच. चुली दहा झाल्या, भाऊ डोंबिवलीपासून बडोद्यापर्यंत पांगले, तरी मूर्ती मूळ घरीच बसते. वाटणीत देव फोडत नाहीत. त्या दीड किंवा पाच दिवसांत मूळ घरात पुन्हा एक चूल होते. मोठं पातेलं माळ्यावरून उतरतं, जावा-जावा ओळीनं मोदक वळतात, जिनं वर्षभर बोलणं टाकलं तीही सारण हलवते. मोजणी भाद्रपदात झाली असती तर त्या तीन मजली घरात मला एकच कुटुंब लिहावं लागलं असतं.

सुतकाचंही तेच. ज्या चुलतभावाचं नाव कोणत्याच कार्डावर आपल्याबरोबर नाही, त्याच्या मरणाचे दहा दिवस आपण पाळतो.

*

२८ फेब्रुवारी २०११, रात्र. बेघर कुटुंबांची मोजणी. पनवेल स्टेशन, एसटी स्टँड, पुलाखालची जागा. आम्ही चौघं, दोन टॉर्च, एक पोलीस. पुलाखाली एक नवरा-बायको, तीन मुलं आणि नवऱ्याची आंधळी मावशी. तीन विटांची चूल अजून गरम होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, दिसतच होतं. कुटुंबप्रमुख कोण, एवढं विचारलं. नियम असा की घरातली माणसं ज्याला प्रमुख मानतात त्याचं नाव. नवऱ्यानं बायकोकडे बोट केलं. इतक्या घरांत फिरले, नवरा समोर बसलेला असताना असं उत्तर तेवढं एकच मिळालं. बाईनं आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, "नीट लिवा."

*

गेल्या वर्षी हे गेले. मुलगा पुण्याला, मुलगी खारघरला. येत्या मोजणीत मी एका माणसाचं कुटुंब असेन. मुलगी म्हणते फेब्रुवारीत आमच्याकडे येऊन राहा, आमच्यात लिहून घेऊ. मी म्हटलं, चूल इथं आहे.

गॅस यांच्या नावावर होता. तो माझ्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, जुनं पुस्तक, आणि दोन्ही मुलांचं 'हरकत नाही' असं सहीचं पत्र लागलं. मुलगी सही करताना हसली, "आई, मी तुला हक्कसोड देतेय." चार दिवसांनी नवं पुस्तक आलं. घरगुती जोडणी, ग्राहकाचं नाव माझं. १४.२ किलोचा सिलिंडर पूर्वी सव्वा महिना जायचा, आता चार महिने जातो.